परसात पाखरू पडलंय? दुधाची वाटी आधी आत ठेवा

मार्च उजाडला की गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, आपल्या कोरगावात, घरोघरी हा प्रसंग येतो. काजूच्या बागेत साफसफाई चाललेली असते. पाडेली माडावर चढलेला असतो. आणि घरातलं एखादं पोर ओंजळीत पिल्लू घेऊन धावत येतं.

मग सगळं घर कामाला लागतं. कुणी दूध आणतं, कुणी पेजेची निवळ, कुणी हळद आणि खोबरेल. शेजारीपाजारी बघायला जमतात. आणि पुष्कळदा संध्याकाळपर्यंत पिल्लू मरतं.

यात कुणाच्या मनात वाईट नसतं. प्रेमापोटी घाई होते, एवढंच. म्हणून आधी ही एक गोष्ट धरून ठेवा. पाखराला पहिल्या तासात खाणं नको असतं. त्याला अंधार, शांतता आणि ऊब लागते, आणि तुमचा एक फोन लागतो.

पण त्याआधी बघायचं ते हे, की त्याला तुमची गरज आहे का.

अंगावर पिसं आलेली, शेपूट आखूड, डोळे टपोरे, जमिनीवर टुणटुण उड्या मारतंय, चोच उघडून ओरडतंय. असं पिल्लू पडलेलं नसतं, ते घरटं सोडून निघालेलं असतं. बुलबुलाची पिल्लं साधारण बारा-तेरा दिवसांत घरट्याबाहेर पडतात. तेव्हा त्यांना नीट उडता येत नाही. दोन-चार दिवस झुडपात लपत, आईबापांकडून घास घेत ती उडायला शिकतात. दयाळाचं असंच, कोतवालाचंही असंच.

अशा पिल्लाला घरात आणू नका. मांजर-कुत्र्याची भीती असेल तर उचलून जवळच्या दाट झुडपावर, जास्वंदीवर किंवा आंब्याच्या खालच्या फांदीवर बसवा. मग मागे या. अगदी मागे, पडवीपर्यंत. तुम्ही जवळ उभे राहिलात तर आई येत नाही, आणि ‘आई टाकून गेली’ असं तुम्हांला वाटतं. तासभर लांबून बघा. बहुतेकदा ती चोचीत किडा घेऊन येते.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असं आपल्याकडे सांगतात. ते खरं नाही. बिनधास्त उचला, फक्त हळू उचला.

पिसं नसलेलं, गुलाबी, डोळे मिटलेलं पिल्लू मात्र खरंच पडलेलं असतं. वर बघा. घरटं दिसलं आणि हात पोचला तर परत आत ठेवा. घरटंच खाली आलं असेल तर नारळाची मोठी करवंटी घ्या. तळाला पाणी जायला भोक पाडा, आत सुक्या काथ्याची किंवा सुक्या गवताची गादी करा, आणि त्याच झाडाला, सावलीत, मांजर पोचणार नाही अशी बांधा. मोठ्या पक्ष्याचं पिल्लू असेल तर जुनी रोवळी चालते. कापूस किंवा लोकर घालू नका, नख्या अडकतात. आईबाप ही नवी जागा पुष्कळदा पत्करतात.

एक सांगून ठेवतो. कावळ्याचं पिल्लू उचलायचं असेल तर छत्री उघडून जा. कावळे डोक्यावर झडप घालतात, आणि बरोबर माणूस हेरून दुसऱ्या दिवशीही घालतात.

आता खरंच आजारी किंवा जखमी पक्षी कसा ओळखायचा? पंख एका बाजूला लोंबतोय. रक्त आहे. मान वाकडी झालीय. तोंड उघडून धापा टाकतोय. भर दिवसा पिसं फुगवून, डोळे मिटून बसलाय आणि तुम्ही जवळ गेलात तरी हलत नाही. अंगावर माश्या बसताहेत. यातलं काही दिसलं, किंवा मांजराच्या तोंडातून सुटलाय हे नक्की ठाऊक असलं, तर मदत करायची.

मांजराच्या बाबतीत फसगत होते. पक्षी धडधाकट दिसतो, जखम दिसत नाही, तुम्ही सोडून देता. पण मांजराच्या दातांची खूण सुईच्या टोकाएवढी असते आणि पिसांखाली झाकलेली असते. मांजराच्या लाळेतले जंतू रक्तात गेले की पाखरू दोन-तीन दिवसांत जातं. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडून योग्य औषध मिळायला हवं. म्हणून मांजराने धरलेला पक्षी, कितीही ठणठणीत दिसला तरी, डॉक्टरकडे न्यायचा.

उचलायचं कसं ते नीट वाचा.

मुलांना आणि कुत्र्याला आत पाठवा. एक मऊ सुती पंचा घ्या. मागून जाऊन पक्ष्याच्या अंगावर सगळा टाका, डोकंही झाकलं जाऊ दे. डोळ्यांसमोर अंधार झाला की तो शांत होतो. मग दोन्ही पंख अंगाशी मिटवून, पंच्यासकट उचला. छाती दाबू नका. आपल्याला असतो तसा श्वासाचा पडदा पक्ष्याला नसतो. त्याची छातीच भात्यासारखी वरखाली होते तेव्हा हवा आत-बाहेर जाते. ती मुठीत आवळलीत तर पाखरू तुमच्या हातात गुदमरतं, आणि तुम्हांला वाटतं घाबरून गेलं.

बगळा, ढोकरी, पाणकावळा यांच्यापासून तोंड लांब ठेवा. ते थेट डोळ्याकडे चोच मारतात. घार आणि घुबड चोचीपेक्षा नख्यांनी जखमी करतात. जाड गोणपाट वापरा आणि आधी पाय धरा.

खोका आधीच तयार असू द्या. चपला-बुटांचा खोका छोट्या पक्ष्याला पुरतो. घुबड किंवा घारीला किराणा मालाचा मोठा पुठ्ठ्याचा खोका. भोकं आधी पाडायची, पक्षी आत असताना नाही. तळाला जुनं सुती कापड, म्हणजे पाय घसरत नाहीत. झाकण लावा. खोका घरातल्या सर्वांत शांत खोलीत ठेवा. टीव्हीजवळ नको, स्वयंपाकघरात नको, पंख्याखाली नको.

पावसात भिजलेलं पाखरू असेल तर कोरड्या फडक्याने पाणी टिपून घ्या, चोळू नका. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा, म्हणजे उकडलं तर ते दुसरीकडे सरकू शकतं. मे महिन्यात मात्र बाटली नको, सावली हवी.

हाताला पाखरू गरम लागलं म्हणून ‘ताप आलाय’ समजू नका. पक्ष्याचं अंग मुळातच चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ओलं फडकं गुंडाळून त्याला गारठवू नका.

आता दुधाच्या वाटीबद्दल. पक्षी दूध पीत नाहीत, त्यांना ते पचत नाही. पाव, बिस्किट, शेव, शिळा भात, यातलं काहीही नको. ड्रॉपरने किंवा चमच्याने चोचीत पाणी सोडणं तर सर्वांत धोक्याचं. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मागेच उघडते. तुम्ही सोडलेलं पाणी पोटात न जाता फुफ्फुसात जातं. फारच वाटलं तर, आणि तो स्वतःच्या पायावर उभा असेल तर, बाटलीच्या झाकणात थोडं पाणी खोक्यात ठेवा. प्यायचं तर पिईल.

हळद आणि खोबरेल आपल्या घरातलं पहिलं औषध, पण पाखराला नको. पिसांना तेल लागलं की ती एकमेकांना चिकटतात. मग त्यांत ऊब राहत नाही आणि पाऊस थेट कातडीपर्यंत जातो. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं दोन-चार मिनिटं हलकेच दाबून धरा. बस्स. तुमच्या घरातली दुखण्याची गोळी चुरून देऊ नका. पूर्वी जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधामुळे आपल्या देशातली गिधाडं संपत आली. मेलेल्या गुरातून ते त्यांच्या पोटात जायचं. २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. माणसाला किंवा गुराला चालतं ते पाखराला चालतंच असं नाही.

खोका बंद झाला, आता फोन. पेडण्याला वनखात्याचं कार्यालय आहे. त्याचा नंबर आजच मिळवा आणि कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, ऐनवेळी शोधाशोध नको. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर त्याच पानावर लिहा. काहीच हाताशी नसेल तर ११२ आहेच. नदीपलीकडे बांद्याला, सावंतवाडीला सोयरेधायरे असतील तर त्यांना सांगा, महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.

फोनवर चार गोष्टी सांगा. पक्षी केवढा, काय लागलंय, कुठे आणि किती वाजता सापडला, मांजराने धरला होता का. फोटो काढायचा तर एकच काढा, फ्लॅश न लावता, आणि झाकण लावा. गावच्या ग्रुपवर टाकण्यासाठी दर अर्ध्या तासाने झाकण उघडणं ही त्याला शिक्षा आहे. पुढे बोंडल्याच्या अभयारण्यात न्यायचं की इथेच उपचार करायचे ते खात्याची माणसं ठरवतील.

‘घरात पक्षी ठेवला म्हणून केस होईल का?’ हे भीत भीत विचारणारे पुष्कळ भेटतात. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. रानातला पक्षी सरकारची मालमत्ता मानला जातो. तो तुमच्याकडे आला तर ४८ तासांच्या आत वनखात्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं, असं तो कायदा सांगतो. तुम्ही त्याच दिवशी कळवलंत तर भिण्याचं कारण नाही. पण पोपटाचं पिल्लू बरं झालं, पोरांना लळा लागला, आता राहू दे पिंजऱ्यात, हे मात्र चालत नाही.

घरात गावठी कोंबड्या असतील तर आणखी एक काळजी घ्या. खोका खुराड्यापासून लांब ठेवा. रानातल्या पक्ष्यांकडून मानमोडीसारखा रोग कोंबड्यांत येऊ शकतो, आणि आला की अख्खं खुराडं रिकामं होतं. पाखराला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, मगच कोंबड्यांना दाणे घाला. एकाच दिवशी दोन-चार कावळे किंवा बगळे मेलेले दिसले तर हात लावू नका, पुरायलाही जाऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला कोंबड्या पटापट मेल्या आणि तो बर्ड फ्लू निघाला, हे अजून लोकांच्या लक्षात असेल. वटवाघूळ सापडलं तर तेही उघड्या हाताने उचलू नका. ते पक्षी नाही, आणि चावलं तर तुम्हांलाच इंजेक्शन घ्यायला धावावं लागेल.

काही पक्ष्यांची तऱ्हा वेगळी.

पावसाच्या तोंडावर आणि मग ऑक्टोबरच्या सुमाराला नवरंग प्रवासात असतो. हिरवी पाठ, पोटाखाली लालभडक, शेपूट जवळजवळ नाहीच. तो रात्री उडतो आणि पहाटे दमून कुणाच्याही परसात उतरतो. खिडकीच्या काचेवर आपटतो तोही पुष्कळदा हाच. काचेवर आपटलेला पक्षी मेल्यासारखा पडतो, पण जिवंत असू शकतो. खोक्यात घालून दोन तास अंधारात ठेवा. मग खोका झाडाजवळ नेऊन जमिनीवर ठेवा, झाकण उघडा आणि बाजूला व्हा. जायचं तर जाईल. नाही गेला तर परत झाकण आणि फोन. पक्ष्याला वर उडवून ‘बघू उडतो का’ असं कधीही करू नका.

पाकोळी जमिनीवर पडली तर लांब पंख पसरून फडफडत राहते. तिचे पाय इतके लहान असतात की सपाट जमिनीवरून तिला उठणं कठीण जातं. जखम नसेल तर तळहातावर ठेवून हात डोक्याएवढा उंच धरा, मोकळ्या जागेत. ती स्वतः निघेल.

घुबड भर दिवसा परसात बसलं आणि भोवती कावळ्यांनी गलका केला की घरातली थोरली माणसं अस्वस्थ होतात. काहीतरी वाईट बातमी येणार, हाकला त्याला. अहो, त्या बिचाऱ्याला उन्हात नीट लपता आलेलं नसतं. कावळे हाकला. त्याच्यावर एखादं गोणपाट सावलीसारखं बांधा आणि दिवेलागणीपर्यंत वाट बघा. जखम नसेल तर अंधार पडताच ते जातं. माळ्यावर किंवा जुन्या घराच्या वळचणीला गव्हाणी घुबडाची जोडी राहत असेल तर तिला राहू द्या. तुमच्या भाताच्या कणग्यांना लागणारे उंदीर तीच खाते. दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास कुणी बळीसाठी घुबडाची चौकशी करत आलं, तर मात्र त्याला पडवीवर बसवून चहा देऊ नका. वनखात्याला सांगा.

जून-जुलैत वाऱ्याने दमलेले समुद्रपक्षी केरी, हरमल, मांद्रेच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. मोठे, पांढरे, जाड चोचीचे. आपले लोक दया येऊन त्यांना पुन्हा लाटांत ढकलतात. तसं करू नका. पाण्यात राहायची ताकद उरली नाही म्हणूनच ते बाहेर आलेले असतात. जीवरक्षकांना सांगा, किंवा गोणपाट टाकून मोठ्या खोक्यात घाला आणि खात्याला कळवा. बाजारातली तारली त्यांच्या घशात कोंबू नका.

नायलॉनचं जाळं हा मला सर्वांत जास्त सलणारा प्रकार. चिकूवर टाकलेलं, भाजीच्या वाफ्यावर बांधलेलं, कोळंबीच्या तळ्यावर ताणलेलं. खंड्या त्यात अडकतो आणि जितका झटापट करतो तितका दोरा पंखाच्या मुळात रुततो. अशा वेळी दोरे तिथल्या तिथे एकेक ओढू नका. भोवतालचं जाळं कात्रीने कापून पक्षी जाळ्याच्या तुकड्यासकट पंच्यात घ्या. मग टेबलावर, उजेडात, एकाने डोकं झाकून धरायचं आणि दुसऱ्याने छोट्या कात्रीने एकेक दोरा कापायचा, कातडीपासून बाहेरच्या दिशेने. दोरा मांसात गेला असेल तर हात थांबवा, ते काम डॉक्टरचं. सुटला म्हणून लगेच सोडूही नका. आवळलेल्या जागी नंतर सूज येते आणि दुसऱ्या दिवशी पंख उचलत नाही.

विजेच्या तारेवर पक्षी लटकला असेल तर काठी घेऊन धावू नका, ओला बांबू तर नाहीच नाही. वीज खात्याला सांगून लाइन बंद करून घ्या आणि अग्निशामक दलाला १०१ वर बोलवा. पाखरापायी घरातला माणूस जायला नको.

बरा झालेला पक्षी सोडायचा तो सापडला तिथेच, सकाळी, पाऊस नसताना. घुबड असेल तर तिन्हीसांजेला. दुसऱ्या वाड्यावर ‘चांगली झाडी आहे’ म्हणून नेऊन सोडू नका, तिथे तो परका असतो.

आणि जरा आपल्या घराकडेही बघा. मोपाचा विमानतळ २०२३ साली सुरू झाला, आणि आता आपल्या भागात मोठाल्या काचांचे बंगले उठताहेत. काचेत समोरचं झाड दिसतं आणि पक्षी सरळ तिथे जायला निघतो. काचेच्या बाहेरून चार-चार बोटांवर उभ्या दोऱ्या सोडा, किंवा चुन्याचे उभे पट्टे ओढा. गरुडाचं एकच चित्र चिकटवून काही होत नाही. बागेवरचं जाळं घट्ट ताणलेलं, बारीक विणीचं, पांढरं असू दे. सैल आणि पातळ जाळं घेऊ नका. सकाळ-संध्याकाळ त्यावरून एक नजर फिरवा. उंदराचं विष टाकाल तर तो उंदीर घुबड खातं, हे ध्यानात ठेवा, सापळा बरा. मार्च ते जून पहाटेच्या वेळी मांजर घरात.

पाडेली आला की चढण्याआधीच त्याला सांगा, वाळलेलं चुडत कापताना खाली घरटं आहे का बघ. ताडपाकोळ्या चुडताच्या पातीलाच घरटं चिकटवतात. त्याचं काम दोन मिनिटांनी लांबतं, तो कुरकुरत नाही.

पावसाळ्यात काजूच्या बागेत गवत कापताना लांडोरीची अंडी सापडतात. जमिनीवर, नुसत्या खळग्यात. ती घरी आणून कोंबडीखाली ठेवायची आणि मोर पाळायचा, असे उद्योग आपल्या भागात झालेले आहेत. मोर १९६३पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्याच्या अंड्याला हात लावणं गुन्हा आहे. शिवाय असे पाळलेले मोर पुढे माणसाला भीत नाहीत आणि कुत्र्यांच्या तोंडी जातात. अंडी तिथेच ठेवा. भोवतालचं चार-पाच हात गवत महिनाभर कापू नका, आणि तेवढे दिवस कुत्रा बांधून ठेवा.